तिघांचा एकच शब्द

११ ऑगस्ट

बाजारचौकात अजून काचा पडल्यात. शनिवारी पोरांनी धुडगूस घातला तो टीव्हीवर बघून पोट भरलं नाही, म्हणून बॅरी आज मुद्दाम पायी जाऊन बघून आला. म्हणाला, "बुटांचं दुकान फोडलंय, पण एक बूट गेलेला नाही. आपल्या गावची पोरं दंगाही धड करत नाहीत." मला हसू आलं आणि मग लाज वाटली. पोलिसांच्या गाडीवर विटा पडल्यात, एका हवालदारणीचं डोकं फुटलंय. हसण्यासारखं त्यात काही नाही.

दुपारी कोर्टातून फोन. पकडलेल्या पोरांच्या जामिनासाठी बुधवारी जादा बसायचंय. मधल्या खुर्चीत ह्यू पेंडल, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला टॅमसिन म्हणून नवी मुलगी आहे ती. बॅरी आम्हाला तीन माकडं म्हणतो. आम्ही न्यायाधीश, पण आम्हाला ना पगार, ना झगा, ना टोप. ह्यू घरं विकायचे, टॅमसिन पोहायला शिकवते, मी जन्मभर सुईणपण केलं. गावच्या माणसांचा न्याय गावच्याच माणसांनी करायचा, म्हणून आम्हाला बसवतात. तिघं ऐकतात, मागच्या खोलीत जाऊन बोलतात आणि बाहेर येऊन फक्त मधला बोलतो: आम्ही ठरवलं आहे. आत कोण काय म्हणालं, कोण एकटं पडलं, हे त्या खोलीच्या बाहेर जात नाही. नवऱ्याकडे नाही, पाद्र्याकडेही नाही.

"मग तुमच्या पोटात मावतं तरी कसं?" बॅरी विचारतो.

बाळंतपणं करणाऱ्या बाईच्या पोटात खूप मावतं, असं मी त्याला सांगते.

१४ ऑगस्ट

सकाळपासून एकामागून एक पोरं उभी राहिली. शेवटचा जोएल रॅमशॉ, वय एकोणीस. विटेचा तुकडा फेकला, कुणाला लागला नाही, पण फेकला हे त्याला कबूल. आरोपीच्या पिंजऱ्याच्या काचेमागे उभा राहून सारखा बाहीला नाक पुसत होता. वकिलाने सांगितलं की त्याला फिट्स येतात, गोळ्या वेळच्या वेळी लागतात आणि त्या आईच देते, कारण हा विसरतो. याआधी कधी पोलिसांची पायरी चढलेला नाही. घरी पाठवा, हवं तर संध्याकाळनंतर बाहेर पडायची बंदी घाला, पायात माग ठेवणारा पट्टा अडकवा.

मागच्या बाकावर त्याची आई होती, वृद्धाश्रमातल्या कामाच्या निळ्या अंगरख्यात. मी वर पाहिलं तर तिने हात किंचित उचलला, बस थांबवायला करतो तसा. ओळखीची वाटली नाही. कोर्टात लोक असे हात करतात. आपण खाली बघायचं असतं, मी बघितलं.

मागच्या खोलीत चहा आला. आमच्याकडे रीत अशी की जो सगळ्यांत नवा त्याने आधी बोलायचं आणि मधल्याने शेवटी. नव्या माणसावर मोठ्याच्या मताचं दडपण यायला नको म्हणून. आज टॅमसिन तोंड उघडते न उघडते तोच ह्यू बोलले, "काल रात्री मंत्री काय म्हणाले ते ऐकलंत ना? एकालाही घरी जाऊ द्यायचं नाही. सगळा देश आपल्याकडे बघतोय." टॅमसिनने तोंड मिटलं आणि बिस्किट चहात बुडवून धरलं. ते तुटून आत पडेपर्यंत तिला कळलंसुद्धा नाही.

त्याच्या पुढचं लिहायचं नाही. इथेही नाही.

आम्ही तिघांनी ठरवलं. जामीन नाही, खटला उभा राहीपर्यंत तुरुंगात. ह्यूंनी खणखणीत आवाजात वाचलं. आई ओरडली नाही, रडली नाही. "त्याच्या गोळ्या," एवढंच म्हणाली आणि कागदी पिशवी पुढे केली. शिपाई म्हणाला, बाई, इथे नाही देता येत, तिकडे डॉक्टर असतात.

घरी येऊन ओव्हन घासला. फार माखला होता.

१५ ऑगस्ट

बॅरी सकाळी ओव्हनचं दार उघडून आत बघत उभा. "अगंबाई," म्हणाला, "एवढं वाईट झालं काल?"

"कशावरून?"

"काही नाही. मी काही विचारलेलं नाही आणि तू काही सांगितलेलं नाहीस." आणि स्वतःच्या हाताने मला चहा करून दिला, जे तो फक्त माझ्या वाढदिवसाला करतो. म्हातारपणी माणूस चमत्कारिक होतो.

बातम्यांत मंत्री कोर्टांचं कौतुक करत होते. ह्यूंचा फोन आला, खुशीत होते. मला ते कौतुक काही पचलं नाही. सामना चालू असताना पंचाला एका संघाच्या कप्तानाने मिठी मारावी आणि पंचाने ती मारून घ्यावी, तसं वाटलं. ह्यूंना तसं म्हणाले तर ते हसले, "ग्लेनिस, तुम्ही क्रिकेट फार बघता."

२ सप्टेंबर

जोएल रॅमशॉ गेला. तुरुंगात फिट आली, सकाळी कोठडीचं दार उघडलं तेव्हा संपलेला होता. त्याला गोळ्या मिळत होत्या की नाही याची चौकशी होणार आहे.

भाजी चिरता चिरता रेडिओवर ऐकलं. चिरत राहिले. गाजरं संपली तरी सुरी चालूच होती.

टॅमसिनचा फोन. हुंदक्यांनी बोलता येईना. "ग्लेनिस, मी नवी होते हो, मला वाटलं ते म्हणतात तर... तुम्ही तेव्हा किती..."

"गप्प बस," मी म्हटलं. "एक अक्षर बोलू नकोस. फोनवर नाही, कुठेच नाही."

मग ती नुसती रडत राहिली. मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले, बाळंतिणीजवळ उभं राहायचे तशी.

५ सप्टेंबर

स्वयंपाकघराचं दार वाजलं. उघडलं तर ती, जोएलची आई.

"आत येऊ का, सिस्टर?"

त्या "सिस्टर"वर मी चमकले. कोर्टात चेहरा ओळखला नव्हता, आवाज मात्र ओळखला. लीअन हॉल्ट. टेकडीवरची शेवटची गल्ली, कमरेएवढा बर्फ, रुग्णवाहिका खालीच अडकलेली, आणि अठरा वर्षांची ही पोर माझा दंड धरून किंचाळतेय. बाळाच्या मानेभोवती नाळ होती. मी ती बोटाने सोडवली. पोर निळं होतं, मग लाल झालं, मग असं रडलं की शेजारी टाळ्या वाजवायला लागले. पोराला आडनाव बापाचं लावलं असणार, नाहीतर मला कळलं असतं. कळलं असतं तर मी त्या दिवशी खुर्चीवरून उठले असते, ओळखीच्या माणसाच्या बाबतीत उठावंच लागतं. दुसरं कोणी बसलं असतं. हा विचार आता मला जन्मभर सोडणार नाही.

"तुम्ही तिथे बसलेल्या दिसलात आणि माझा जीव भांड्यात पडला," ती म्हणाली. "शेजारच्या बाईला सांगितलं मी, ती बघ माझी सिस्टर. हिनेच त्याला बाहेर काढलाय, ही नाही त्याला आत टाकायची."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मला नावं नकोत, सिस्टर. कोण चांगलं, कोण वाईट, काही नको. तुम्ही तिघं होतात. तिघांतल्या एकाने तरी म्हटलं का, की पोराला घरी जाऊ द्या? एकाने तरी? माझ्या जोएलची बाजू या जगात एका माणसाने घेतली होती, एवढं कळलं ना, तर मी कशीतरी जगेन हो."

"लीअन, आम्ही तिघांनी मिळून ठरवलं."

"म्हणजे कोणीच नाही."

"तसं मी म्हटलेलं नाही."

"मग हो म्हणा ना!"

मी वळून चहा कपात ओतायला लागले.

"बोलू नका," ती म्हणाली. माझ्या अगदी जवळ आली. अंगाला वृद्धाश्रमातल्या साबणाचा वास. "बोलायची बंदी आहे ना तुम्हाला? मग बोलू नका. नुसते डोळे मिटा. हो असेल तर डोळे मिटा, मी निघून जाते. कोणाला काही सांगणार नाही, पोराची शपथ."

मी डोळे उघडे ठेवले. पाणी आलं, जळजळायला लागलं, तरी मिटले नाहीत.

तिने बराच वेळ बघितलं. मग मान हलवली, हं, असं, आणि गेली. केलेला चहा तसाच राहिला.

बॅरी कांद्याच्या वाफ्यात होता. त्याने सगळं ऐकलं असणार, खिडकी उघडी होती. मातीचे बूट न काढताच आत आला. "बाई आहेस की दगड?" म्हणाला. इतक्या वर्षांत असं बोलला नव्हता.

८ सप्टेंबर

बॅरी आणि मी एकमेकांशी मीठ-मिरीपुरतं बोलतोय.

आज शेवटी मीच विषय काढला. त्याला म्हटलं, समज, मी हो म्हटलं किंवा नाही म्हटलं. दोन दिवसांत गावभर होईल की कोण कुठल्या बाजूला होतं. मग पुढच्या वेळी तिथे बसणारा प्रत्येक जण आधी मागच्या बाकाकडे बघेल, मग रस्त्याकडे, मग टीव्हीकडे, आणि उरलाच वेळ तर कायद्याकडे. त्या खोलीला दार आहे म्हणून तर तिथे माणूस मनातलं बोलू शकतो. त्या पोराचं जे झालं तेसुद्धा कोणीतरी खिडकीबाहेर बघत...

ही ओळ खोडायला हवी.

बॅरीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "दाराचं तू पटवलंस मला, ग्लेन. पण त्या दाराबाहेर एक आई उभी आहे, तिचं काय करायचं ते सांग."

या खुर्चीची शपथ घेतली तेव्हा मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं, भीती धरणार नाही, भीड धरणार नाही, माया धरणार नाही, आकस धरणार नाही. त्यातलं माया धरणार नाही हे सगळ्यांत सोपं वाटलं होतं तेव्हा. मूर्ख बाई.

२० सप्टेंबर

जोएलला आज पुरलं. मी चर्चमध्ये गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार? बॅरी गेला, काळा कोट घालून, आमच्या दोघांच्या वतीने. मी समोरच्या बसथांब्यावर उभी राहिले. दोन बसवाले थांबले, मी हातानेच जा म्हटलं.

शवपेटी पोरांनीच उचलली होती, त्याच्या फुटबॉलच्या संघातल्या. एकाची उंची कमी पडत होती, तो टाचा उचलून चालत होता. ते बघितलं आणि मी थांब्याच्या काचेला डोकं टेकून रडले. मोठ्याने रडले, लाज सोडून. कोणीतरी म्हणालं, आजी, बरं वाटत नाहीये का?

ह्यू आले होते. दारात लीअनचे दोन्ही हात धरून बराच वेळ बोलत होते. ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तेवढं धैर्य त्यांच्यात आहे, माझ्यात नाही, हे मान्य करायला हवं.

२६ सप्टेंबर

कोर्ट सुटल्यावर ह्यूंनी मला गाडीपाशी गाठलं.

"मी नियमाबाहेर काही बोललेलो नाही हं," स्वतःहूनच म्हणाले. "मी एवढंच म्हटलं की, बाई, माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. त्यातून तिला काय घ्यायचं ते तिने घेतलं."

तिने काय घेतलं असेल ते मला तिथेच कळलं.

"दुःखी बाई आहे, ग्लेनिस. जरा दिलासा मिळाला तर कोणाचं काय बिघडलं? आणि तुम्ही तर कधीच तोंड उघडायच्या नाहीत. आमच्यात सगळ्यांत पक्क्या तुम्हीच." माझ्या दंडावर थोपटून गाडीत बसले.

माझा नुसता तिळपापड होत होता. या माणसाला असा दुखवट्याच्या घरात हात शेकताना बघून... नको. वरच्यांकडे तक्रार करता येईल, पण तक्रार म्हटली की आत कोण काय म्हणालं ते आलंच. आणि शेवटी ते लीअनच्या कानावर जाणारच.

४ ऑक्टोबर

पावाच्या दुकानात रांगेत होते. मागून आवाज आला, "सिस्टर."

लीअन. केस विंचरलेले, हातात गरम पाव. चेहऱ्यावर जरासं रक्त आलं होतं.

"कळलं मला," ती म्हणाली, सगळी रांग ऐकत होती. "तिघांत एक माणूस होता. एक तरी माणूस होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं सांगताना. आणि मी मूर्ख, तुझ्या दारात भीक मागायला आले होते." मला पहिल्यांदाच "तू" म्हणाली. "तूच त्याला बाहेर काढलास आणि तूच आत घातलास. तुझ्या त्या हातांना रात्री झोप येते का गं? मला यायला लागली. त्या एका माणसामुळे परवा पहिल्यांदा मला झोप लागली."

दोन शब्द पुरले असते. तोंडात होते, अगदी दातांपाशी आले होते. मी तिच्या हातातल्या पावाकडे बघितलं. एक टोक तोडून खाल्लेलं होतं. महिनाभर ही बाई काही खात नाही असं बॅरीने गावात ऐकलं होतं.

"झोप लागली ना," मी म्हटलं. "बरं झालं."

"घाल चुलीत तुझं बरं झालं!"

दुकानदाराने माझा पाव न बोलता पिशवीत टाकला आणि सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. घरी आल्यावर बॅरीला काही सांगितलं नाही, पण तो फळीवाला प्रकार त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगितलाच.

११ ऑक्टोबर

बॅरी म्हणतो, सोड ते. राजीनामा दे, समुद्रावर जाऊ, वाफ्याला पाणी शेजारी घालेल.

मीही तसंच ठरवत आणलं होतं. पण राजीनामा दिला म्हणून जीभ सुटत नाही, ती बांधलेली ती बांधलेलीच. आणि मी गेले तर माझ्या खुर्चीत कोण बसेल? ह्यूंना आवडेल असंच कोणीतरी. मग मागच्या खोलीत ह्यूंना "थांबा" म्हणायला कोण राहील?

बॅरी म्हणाला, "आत काय चालतं ते मला माहीत नाही. पण तू थांबा म्हटल्यावर कोणी थांबतं का?"

हे त्याने का विचारलं कोण जाणे. मला झोंबलं.

१९ नोव्हेंबर

आज तेच तिघं. समोर एक पोरगी, अठराची, दुकानातून चोरी आणि वर झटापट. मागच्या खोलीत गेलो. ह्यूंनी चष्मा काढला, घसा खाकरला.

"नाही," मी म्हटलं. "आधी टॅमसिन."

"ग्लेनिस, मी फक्त एवढंच..."

"रीत आहे, ह्यू. आधी नवीन बोलेल. तुम्ही शेवटी."

टॅमसिनच्या मानेपर्यंत लाली चढली, पण ती बोलली. खूप वेळ बोलली. काय बोलली ते लिहायचं नाही. मग आम्ही तिघांनी ठरवलं.

घरी येऊन सफरचंदाचं पुडिंग केलं, वर दाट साय. बॅरीने दोनदा वाढून घेतलं. नुसता माझ्याकडे बघत होता. आवडलं असावं.

रात्र पडायच्या आत मात्र सगळं ओसरलं. जोएलच्या वेळी मी हेच म्हटलं असतं तर? म्हटलं नाही. बोलले ते नंतर बोलले, उशिरा बोलले, आणि तोवर बिस्किट चहात पडलं होतं.

१ जानेवारी

नव्या वर्षाच्या मानकऱ्यांत ह्यूंचं नाव आहे. न्यायदानाच्या सेवेबद्दल राजाकडून पदक. बॅरीने वर्तमानपत्र वाचलं, घडी घातली आणि त्यावर बटाटे सोलायला बसला.

९ फेब्रुवारी

नदीकाठच्या बागेत जोएलच्या नावाचं बाक बसवलंय. परवानगी ह्यूंनी खटपट करून मिळवली, फीतही त्यांनीच कापली. मला बोलावणं नव्हतं, नसायलाच हवं.

आज दुपारी बाग रिकामी असेल म्हणून गेले. पाऊस नुकताच थांबला होता. बाक छान आहे, सागाचं. पाठीवर पितळी पट्टी: जोएल रॅमशॉ, आमचा लाडका. मी बसले. त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं. पण त्याच्याशीही बोलता येईना. मेलेल्या माणसाला सांगितलं तर चालतं का, हे कोणी मला शिकवलेलं नाही. मग नुसतं पट्टीवरचं नाव बोटाने पुसत राहिले.

पावलं वाजली. लीअन होती, हातात छोटा गुच्छ.

"उठ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "इथे नाही. गावात कुठेही बस, इथे नाही."

मी उठले. म्हणावंसं वाटलं, लीअन, पोरी. बाजूला झाले.

सगळं बाक ओलं होतं. मी बसले होते तेवढीच जागा माझ्या कोटाने कोरडी झाली होती. तिने फुलं पट्टीपाशी ठेवली, हात फिरवून बघितला, आणि त्या कोरड्या जागेवर बसली.